बादलीभर पाण्यावर संगणक: सुरुवातीला ६२, दीड तासाने ८३. काय चुकतंय?

उलटा पाना

मंडळी, गेले तीन आठवडे एक उद्योग चाललाय. डेस्कटॉपचा प्रोसेसर पूर्ण भाराखाली साधारण १५० वॅट खातो. सोबत आलेला पंखा तेव्हा इतका ओरडतो की घरचे विचारतात, मिक्सर कुणी लावलाय. म्हटलं, पाण्याने गार करू, आणि तेही तयार किट न आणता.

वॉटर ब्लॉक, म्हणजे प्रोसेसरवर बसणारा आणि आतून पाणी वाहणारा ठोकळा, स्वतः केला. ५० बाय ५० चा, १२ मिलिमीटर जाडीचा तांब्याचा तुकडा घेतला, बाजूने तीन आणि आडवं एक अशी ८ मिमीची भोकं पाडली, नको ती तोंडं डाख देऊन बुजवली. तांबं ड्रिलला असं काही चिकटतं की दोन बिटं आतच मोडली. त्यातलं एक काढता काढता अख्खा रविवार गेला. वर दोन नोझल, त्यावर क्लॅम्प लावून पारदर्शक नळी. पंप फिश टँकचा, १८ वॅटचा, भिंतीच्या प्लगवर चालणारा. तो ८ लिटरच्या बादलीत बुडवलाय, बादली टेबलावर पीसीशेजारी. पाणी ब्लॉकमधून फिरून परत बादलीत. रेडिएटर नाही.

चालू केलं तेव्हा पाणी २७ अंश. प्रोसेसर पूर्ण भारावर ६२. मी खूश. दीड तासाने बघतो तर ८३ आणि वर चढतोच आहे. बादलीत थर्मामीटर बुडवला, पाणी ४८! पंप नीट चालू आहे, धार चांगली पडतेय. बादली लहान पडतेय का? २० लिटरची घेऊ?

---

थेंबे थेंबे

वाचतोय. मोडलेल्या बिटाचा फोटो हवाच.

---

गणिती गांडूळ

पाना, तुमचं काही चुकलेलं नाही. बादली तिच्या हिशोबाने बरोबर वागतेय.

एक किलो पाणी एक अंशाने तापवायला साधारण ४१८६ ज्यूल लागतात. ८ लिटरला ३३,५०० धरा. प्रोसेसरचे १५० वॅट, आणि पंप पाण्यात बुडालेला असल्यामुळे त्याचे १८ वॅटसुद्धा पाण्यातच. म्हणजे सेकंदाला १६८ ज्यूल. दर २०० सेकंदांनी एक अंश. दीड तासात २७ अंश वाढायला हवे होते, तुमचे २१ वाढले. उरलेली उष्णता बादलीच्या भिंतींतून आणि पृष्ठभागावरून खोलीत गेली.

आता प्रोसेसर आणि पाणी यांतला फरक बघा. सुरुवातीला ६२ वजा २७, म्हणजे ३५. शेवटी ८३ वजा ४८, पुन्हा ३५. म्हणजे ब्लॉक पहिल्या मिनिटाला जसा काम करत होता तसाच अजून करतोय. चढतंय ते फक्त पाणी. २० लिटरची बादली घेतलीत तर हेच नाटक दीड तासाऐवजी पावणेचार तासांत होईल, एवढंच.

पाणी उष्णता फक्त वाहून नेतं. ती शेवटी हवेत टाकावीच लागते, आणि तुमच्याकडे टाकणारं कुणी नाही.

---

निवांत पंखा

एवढ्या खटपटीत चांगला टॉवर कूलर (प्रोसेसरवर उभी राहणारी पत्र्यांची चवड, मध्ये हीट पाइप आणि बाजूला पंखा) बसला असता आणि त्याला गळतीची भीती नाही. गंमत म्हणजे त्याच्या हीट पाइपमध्येही पाणीच असतं. कमी दाबाखाली बंद केलेलं चमचाभर. खाली उकळतं, वर जाऊन थंड होतं, आतल्या जाळीतून परत खाली झिरपतं. पंप नाही, बादली नाही.

---

उलटा पाना

@निवांत पंखा, मान्य. पण टॉवर कूलर विकत आणून चार स्क्रू पिळण्यात मजा काय?

@गांडूळ, हिशोब पटला. मग बादलीत बर्फ टाकला तर?

---

गणिती गांडूळ

बर्फाचंही गणित करून टाकू. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल शोषतो. १६८ वॅटला तो ३३ मिनिटं पुरेल. तासाला जवळजवळ दोन किलो बर्फ. तुम्ही गेम खेळणार की फ्रीजकडे फेऱ्या मारणार?

दुसरं जास्त महत्त्वाचं. खोलीत ३० अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २४ अंशांच्या आसपास असतो. पाणी त्याखाली गेलं की नळ्यांवर, ब्लॉकवर आणि ब्लॉकखालच्या सॉकेटच्या पिनांवर दव धरणार. गळती न होता मदरबोर्ड ओला. साध्या रेडिएटरच्या लूपमध्ये, म्हणजे पाणी फिरून परत येण्याच्या वाटेत, ही भीती नसते, कारण रेडिएटर पाण्याला खोलीच्या तापमानाखाली नेऊच शकत नाही.

---

थेंबे थेंबे

मग उघड्या उभ्या नळकांड्यातून पाणी कारंज्यासारखं पाडून वाफ होऊ दिली तर? त्याने खोलीच्या तापमानाच्याही खाली जाता येतं ना?

---

गणिती गांडूळ

जातं. पण १६८ वॅट निव्वळ बाष्पीभवनाने घालवायचे तर तासाला पाव लिटर पाणी उडणार. ते सगळं त्याच खोलीत. मागे उरलेले क्षार तुमच्या ब्लॉकमध्ये साचणार, आणि उघड्या पाण्यात शेवाळ येणार ते वेगळंच. दोन दिवस हौस म्हणून छान आहे.

---

सोल्डरताई

मी रिपेअरिंग करते, त्यामुळे माझं लक्ष पहिल्यांदा एकाच वाक्यावर गेलं. "बादली टेबलावर पीसीशेजारी." पाना, आज झोपायच्या आधी ती बादली जमिनीवर ठेवा.

कारण सांगते. बादलीतल्या पाण्याची पातळी ब्लॉकपेक्षा वर असेल आणि ब्लॉकवरची नळी निसटली, तर पंप बंद केलात तरी पाणी वाहतच राहतं. सायफन. बादलीतली पातळी नळीच्या सुटलेल्या तोंडापर्यंत उतरेपर्यंत, म्हणजे कित्येक लिटर, सगळं ग्राफिक्स कार्डावर. बादली खाली असेल तर निदान पंप बंद करताच धार थांबते. परतीच्या नळीचं तोंडही पाण्यात बुडवू नका, वर मोकळं ठेवा, म्हणजे त्या बाजूने उलटा सायफन लागत नाही.

दुसरं, पाण्यात बुडालेला पंप घरच्या विजेवर चालतोय. अर्थिंग आहे ना? लाइनवर ईएलसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) आहे ना? पंपाची वायर प्लगपर्यंत नेताना आधी प्लगच्या खाली लोंबू द्या आणि मग वर घ्या. वायरवरून ओघळलेला थेंब त्या खालच्या वळणावर पडतो, सॉकेटमध्ये शिरत नाही.

---

उलटा पाना

ताई, वाचलं आणि लगेच उठून बादली खाली ठेवली. खरं सांगतो, नळी निसटू शकते हे डोक्यात होतं, पण सायफनचा विचार शून्य.

ठरलं तर मग, रेडिएटर. ओळखीच्या मेकॅनिककडे जुन्या गाडीचा हीटर कोअर, म्हणजे गाडीच्या हीटरचा छोटा रेडिएटर, पडलाय. चालेल?

---

ताम्रपट

चालेल काय, या छंदाची सुरुवातच तिथून झाली. २००० च्या आसपास पीसीसाठी रेडिएटर सहज मिळत नसत, तेव्हा अमेरिकेतली हौशी मंडळी भंगारातून हीटर कोअर काढायची. १९७७ च्या पाँटिअॅक बॉनव्हिलचा कोअर तर त्यांच्यात नावाजलेला होता, दोन १२० मिमी पंखे त्यावर बरोबर बसायचे. मोठ्या संगणकांत पाणी त्याच्याही कितीतरी आधीपासून आहे. आयबीएमच्या ३०८१ मध्ये १९८० साली चिपांच्या डोक्यावर पाण्याने गार होणारे ठोकळेच बसवले होते. १९८५ च्या क्रे-२ मध्ये तर अख्खी सर्किटं फ्लुओरिनर्ट नावाच्या वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवलेली.

असो, मुद्द्यावर येतो. तो कोअर घेण्याआधी नखाने किंवा चाकूच्या टोकाने कोपऱ्यात खरवडा. पिवळा-लालसर धातू दिसला तर तांबं-पितळ, उचला. पांढरा दिसला तर ॲल्युमिनियम, तिथेच ठेवा. तुमचा ब्लॉक तांब्याचा आहे.

---

निवांत पंखा

हे जरा अतीच सांगितलं जातं. बाजारातल्या बहुतेक सीलबंद वॉटर कूलरांत ब्लॉकचा तळ तांब्याचा आणि रेडिएटर ॲल्युमिनियमचा असतो. वर्षानुवर्षं चालतात.

---

ताम्रपट

बरोबर, चालतात. पण त्यांत काय भरलेलं असतं? गंजरोधक घातलेलं द्रावण, कारखान्यात हवा काढून बंद केलेलं. तुम्ही घरी साधं पाणी भरणार, दर दोन महिन्यांनी झाकण उघडणार, वरून आणखी पाणी टाकणार. ती स्थिती वेगळी.

माझा स्वतःचा किस्सा सांगतो. तांब्याचा ब्लॉक, ॲल्युमिनियमचा रेडिएटर, डिस्टिल्ड वॉटर. दोन्ही धातू एकमेकांपासून फूटभर लांब, मध्ये रबराची नळी, मग कसला आलाय गॅल्व्हॅनिक सेल (दोन वेगळे धातू आणि पाणी मिळून होणारी बॅटरी, ज्यात एक धातू झिजतो), असं वाटलं होतं. अकरा महिन्यांनी तापमान चढायला लागलं म्हणून उघडलं. रेडिएटरच्या तोंडातून पांढरट, जेलीसारखा लगदा निघाला. ब्लॉकच्या खाचा त्यानेच बुजल्या होत्या. रेडिएटर प्रकाशासमोर धरला तर एका नळकांडीतून टाचणीएवढा उजेड येत होता. अजून आठवडाभर चालवला असता तर तो थेट पॉवर सप्लायवर गळला असता.

पुढे कळलं ते असं की धातू एकमेकांना टेकायलाच हवेत असं नाही. तांब्याचे आयन पाण्यात उतरतात, ॲल्युमिनियमवर जाऊन बसतात आणि तिथल्या तिथे बारीक बारीक सेल तयार करून भोकं पाडतात. डिस्टिल्ड पाणी बाटलीत शुद्ध असतं. लूपमध्ये महिनाभर फिरलं की ते शुद्ध राहत नाही, वीज वाहायलाही लागतं. त्यामुळे "डिस्टिल्ड आहे, गळलं तरी काही होत नाही" यावर विसंबू नका.

---

थेंबे थेंबे

मग भरायचं काय? नळाचं?

---

ताम्रपट

नळाचं अजिबात नको. क्षार, क्लोरीन, सगळं ब्लॉकमध्ये बसतं. डिस्टिल्ड वॉटरमध्ये गाडीचा कूलंट १० ते २० टक्के घाला, गंजरोधकही आलं आणि शेवाळही सहसा धरत नाही. त्याहून जास्त घालून फायदा नाही. ग्लायकॉल वाढेल तशी मिश्रणाची उष्णता वाहण्याची ताकद कमी होते, शिवाय ते पंपाला जड जातं. एक काळजी घ्या. गाडीच्या कूलंटमध्ये सहसा एथिलीन ग्लायकॉल असतं. ते विषारी आहे आणि चवीला गोड. घरात लहान मूल, कुत्रं, मांजर असेल तर उघड्या बादलीत हे चालणार नाही. प्रॉपिलीन ग्लायकॉलवालं त्यामानाने सौम्य.

---

उलटा पाना

खरवडला. पिवळा निघाला! उचलला.

आतून इतकी घाण निघाली की विचारू नका. गरम पाण्यात व्हिनेगर घालून भरला, अर्ध्या तासाने हलवून ओतला, तपकिरी चहा. तिसऱ्या खेपेला जरा फिकट. शेवटी डिस्टिल्डने दोनदा.

आता नवा प्रश्न. कोअर टेबलाच्या वर भिंतीला अडकवायचा आहे, पंप जमिनीवर. उंची सव्वा मीटर. पंपाच्या खोक्यावर लिहिलंय कमाल उंची १.५ मीटर. म्हणजे वर पोचेपर्यंत पाण्यात जीवच राहणार नाही ना?

---

निवांत पंखा

उघडच आहे. मोठा पंप घ्यावा लागेल.

---

गणिती गांडूळ

नाही लागणार, लूप बंद केलात तर. बंद आणि पूर्ण भरलेल्या लूपमध्ये एका बाजूने वर चढणाऱ्या पाण्याचं वजन दुसऱ्या बाजूने उतरणाऱ्या पाण्याने तोललं जातं, विहिरीवरच्या रहाटासारखं. पंपाला फक्त घर्षणाशी झगडायचं असतं. उंचीचा त्रास एकदाच, पहिल्यांदा भरताना. उघड्या बादलीत मात्र परतीची धार हवेत मोकळी सोडली की तोल गेला, तिथे निवांतरावांचं म्हणणं खरं.

आणि खोक्यावरचे दोन्ही आकडे एकाच वेळी मिळत नसतात. कमाल उंची म्हणजे जिथे प्रवाह शून्य होतो ती. कमाल प्रवाह म्हणजे उंची शून्य असताना. तुमचं काम मध्ये कुठेतरी होणार. किती प्रवाह हवा? मिनिटाला एक लिटर वाहिलं तर ७० वॅटमागे पाणी एक अंशाने तापतं. तुमच्या १५० वॅटला जाताना-येताना जेमतेम दोन अंशांचा फरक. दोन लिटर केलंत तर एक अंश. त्यापुढे मोठ्या पंपाने आवाज जास्त आणि उष्णताही जास्त.

त्यामुळेच आधी रेडिएटर की आधी ब्लॉक, या वादात पडू नका. सगळ्या लूपमध्ये पाणी जवळपास सारखंच गरम असतं. एकच क्रम पाळा, टाकीनंतर लगेच पंप, आणि पंप टाकीच्या तळाशी किंवा खाली. पंपाच्या बेअरिंगला वंगण पाण्याचंच असतं, मिनिटभर कोरडा फिरला तरी खरडतो.

---

ताम्रपट

बाकी सगळं जमेल, पण मला तुमचे ते ३५ अंश खुपतायत. घरगुती ब्लॉक आहे हे धरूनही जास्तच. ब्लॉकचा तळ सपाट आहे का? डाख देताना तापून वाकला असणार. दाढीच्या पात्याची धार तळावर उभी धरा आणि मागून उजेड पाडा. मध्ये फट दिसली की समजा.

---

उलटा पाना

फट आहे. मधोमध. कागद आत जाईल एवढी!!

---

ताम्रपट

मग तीच तुमची पेस्ट खातेय. चांगली थर्मल पेस्टसुद्धा तांब्याच्या चाळीस-पन्नास पट कमी उष्णता वाहते. ती फक्त बारीक ओरखडे भरायला असते, खड्डे बुजवायला नाही.

जाड काच घ्या, सपाट टेबलावर ठेवा. त्यावर पॉलिश पेपर चिकटवा, आधी ४००, मग ८००, मग १२००. पाण्याचे दोन थेंब. ब्लॉकच्या तळावर स्केच पेनने जाळी काढा आणि दाब न देता आठच्या आकड्यात फिरवा. जिथली शाई गेली तो उंचवटा, जिथली राहिली तो खड्डा. सगळी शाई एकदम जायला लागली की पुढचा पेपर. आरशासारखी चकाकी आली नाही तरी चालेल, सपाटी महत्त्वाची. घाईत एका कडेवर जोर दिलात तर तळ उताराचा होईल, आणि मग पहिल्यापासून.

---

सोल्डरताई

हे चालू आहे तोवर अजून एक. जुना पंखा काढलात, म्हणजे सॉकेटच्या आजूबाजूला जी हवा खाली झोडपत होती तीही गेली. तिथेच प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या सर्किटचे, म्हणजे व्हीआरएमचे, मॉसफेट (तापणारे छोटे ट्रान्झिस्टर) असतात. माझ्याकडे असं मशीन आलं होतं, प्रोसेसर ५५ अंशांवर मजेत आणि तरी भाराखाली बंद पडायचं. मालकाने पंप बदलला, पेस्ट तीनदा लावली. मी व्हीआरएमच्या हीटसिंकला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. ८० मिमीचा एक पंखा त्यावर तिरका बांधला, संपलं.

गळतीची चाचणी कशी करणार आहात? तुमचा पंप वेगळ्या प्लगवर आहे ही इथे सोय आहे. पीसीची वायर काढून ठेवा, नुसता पंप चोवीस तास चालवा. प्रत्येक जोडाभोवती टिश्यू पेपर गुंडाळा, रंगीत असेल तर उत्तम, थेंब पडताच डाग गडद दिसतो. १२ व्होल्टचा पंप असलेल्यांनी मदरबोर्डची २४ पिनांची केबल काढून त्यातली हिरवी तार शेजारच्या काळ्या तारेला जोडायची, म्हणजे पॉवर सप्लाय एकटा सुरू होतो. बाकीच्या सगळ्या केबली आधी काढलेल्या हव्यात.

त्याच सोयीचा तोटाही आहे. एक दिवस पीसी सुरू कराल आणि पंप विसराल. दोन्ही एकाच स्विचच्या पट्टीवर घ्या.

---

उलटा पाना

नऊ दिवसांनी हजर. अहवाल देतो.

घासायला दोन संध्याकाळी गेल्या. पहिल्या संध्याकाळी कडेवर जोर दिला, ताम्रपटांनी सांगितलं होतं तरी. दुसऱ्या संध्याकाळी शाई एकसारखी गेली.

बादली निवृत्त. जागी झाकणाची मोठी बरणी, पंप आत तळाशी, वायर झाकणातून रबरी ग्लँड लावून बाहेर. एकूण पाणी आता सव्वा लिटर. कोअरवर दोन १२० मिमी पंखे, सात व्होल्टवर हळू फिरवलेले. पंख्यामागे पुठ्ठ्याचं खोकं करून कडा टेपने बंद केल्या, नाहीतर हवा बाजूने पळून जाते.

चाचणीत सहाव्या तासाला कोअरच्या नोझलजवळचा टिश्यू ओला. क्लॅम्प तिरका बसला होता. नीट करून पुन्हा शून्यापासून चोवीस तास. ताई, तो थेंब ग्राफिक्स कार्डाच्या बरोबर वर होता. पीसी बंद नसता तर आज हा प्रतिसाद मोबाइलवरून लिहिला असता.

हवा काढायला रात्रभर गेली. कोअर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कलवायचा, गुडगुड आवाज, बरणीत बुडबुडे, थोडं पाणी वरून. पहाटे शांत झालं.

आकडे. खोली २९. तीन तास पूर्ण भार. पाणी ३७ वर येऊन थांबलं, थांबलं म्हणजे शेवटचे दोन तास हललंच नाही. प्रोसेसर ६४. फरक ३५ वरून २७.

---

गणिती गांडूळ

सव्वा लिटर पाणी, आणि आठ लिटरच्या बादलीपेक्षा अकरा अंश गार.

---

निवांत पंखा

अभिनंदन. टॉवर कूलरलाही साधारण एवढंच आलं असतं, पण असो, आज बोलत नाही. आवाज?

---

उलटा पाना

बोललातच की! पंखे ऐकू येत नाहीत. पंपाची मात्र घूं घूं बरणीतून फरशीवर उतरते. खाली भांडी घासायचा जाड स्पंज ठेवला, बरीच कमी झाली.

---

थेंबे थेंबे

मोडलेल्या बिटाचा फोटो राहिलाच.

---

उलटा पाना

सात आठवड्यांनी धागा वर काढतोय. बरणीवर मार्करने खूण केली होती, पाणी तिच्या खाली एक बोट गेलंय. टिश्यू सगळे कोरडे, कोअरखालचा वर्तमानपत्राचा कागदही कोरडा. नळी मात्र आधीसारखी पारदर्शक नाही, आतून धुरकट झालीय. कुठे गळतंय?

---

ताम्रपट

गळत नाहीये. मऊ नळीच्या भिंतीतून पाणी थोडं थोडं वाफ होऊन जातंच, आणि बरणीचं झाकण कितीही घट्ट असलं तरी तिथूनही. फक्त डिस्टिल्डने खुणेपर्यंत भरा, कूलंट घालू नका, तो उडत नाही, तेवढाच आत आहे.

धुरकटपणा पीव्हीसीमधल्या प्लास्टिसायझरचा, म्हणजे नळी मऊ ठेवणाऱ्या रसायनाचा, आहे. शेवाळ हिरवट आणि बोटाला बुळबुळीत लागतं, हा पांढुरका असतो. सध्या चालू द्या. पुढच्या वेळी पाणी बदलाल तेव्हा ब्लॉक उघडून खाचांत तो पांढरा थर बसलाय का बघा आणि नळी ईपीडीएम रबराची घ्या. काळी असते, आतलं काही दिसत नाही, पण पाणी घाण करत नाही आणि उडूही कमी देते.

---

उलटा पाना

ब्लॉक उघडून कसा बघणार? तोंडं डाख देऊन बुजवलीयत.

---

ताम्रपट

अरेच्चा. मग नळी आताच बदला.